कारणे वरिष्ठांना ठाऊक

आमच्या दाजींइतका आज्ञाधारक विद्यार्थी सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याच कॉलेजाच्या नशिबी आला नसेल, आणि इतका तापदायकही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, वय बावन्न. गेल्या वर्षी जूनमध्ये ते साताऱ्याच्या ज्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दाखल झाले, तिथं मी वीस वर्षं इतिहास शिकवतो. म्हणजे मेव्हणा मास्तर आणि घरचा जावई पहिल्या बाकावर. अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

या सगळ्याच्या मुळाशी ताई. ती सांगलीची बी.ए. लग्नपत्रिकेत तिच्या नावापुढं ती दोन अक्षरं ठळक छापली होती. दाजींच्या नावापुढं मोकळी जागा. निवृत्तीच्या वेळी फौजेनं त्यांना पदवीच्या तोडीचा दाखला दिला. त्यांनी तो चौकट करून भिंतीवर लावला. ताई एकदा त्याच्याकडं बघून म्हणाली, "तोडीचा म्हंजे पदवी न्हवं." दुसऱ्या दिवशी चौकट उतरली आणि दाजी प्रवेशाच्या रांगेत उभे राहिले.

वर्ग साडेसातला, दाजी सातला हजर. कडक इस्त्री, आरशासारखे बूट. मी आत पाऊल टाकलं की ताडकन उभे. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो की वाकून पाया पडायचो आणि ते "या, पाव्हणं" म्हणून पाठीवर थाप मारायचे. एकदा हजेरी घेताना माझ्या तोंडून "दाजी" निसटलं, आणि त्या दिवसापासून ते अख्ख्या कॉलेजाचे दाजी झाले, प्राचार्यांचेसुद्धा. दांडी मारून टपरीवर चहा पिणारी पोरं दाजींच्या लेखी फरारीच. एका सकाळी त्यांनी सात जणांना रांगेत चालवत माझ्या वर्गात आणलं. त्यातला एक तर दुसऱ्याच कॉलेजचा निघाला. "आता आलाच हायस तर बस गड्या, इतिहास कुणाला बी चालतो," दाजी त्याला म्हणाले. तो बसला, आणि खोटं कशाला सांगू, पुढं महिनाभर येत राहिला.

मग आली अंतर्गत परीक्षा. वीस गुण, पास व्हायला आठ. इथं अडकलं तर बी.ए. अडकलं. मी प्रश्न काढला, पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा. दाजींनी पहिल्याच ओळीत लिहिलं, "कारणे वरिष्ठांना ठाऊक. आमच्या घरातून पणजोबा गेले होते." पुढं तीन पानं पणजोबा. इराकातल्या बसऱ्याच्या उन्हात बुटाला भोक पडलं तेव्हा त्यांनी पटक्याचा तुकडा आत कोंबला. घरी एकच पत्र आलं, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. त्यात म्हशीची चौकशी होती, बायकोची नव्हती, कारण लिहिणाऱ्यासमोर लाज वाटली. परत आल्यावर कुणी लढाईचं विचारलं की ते उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचे.

मी ती तीन पानं दोनदा वाचली आणि पाच गुण दिले. त्यांत युद्धाचं कारण एकही नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईनं मला चहा विचारला नाही. "घरच्या जावयाला नापास केलंस? आठ द्यायला तुझं काय जात हुतं रं?"

"गप गं," दाजी म्हणाले. "तितं त्ये सर हायत. फुकटचं आठ घेतलं तर ह्यो बी तोडीचाच दाखला व्हईल." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, कारणं शिकवा मला. पर एक सांगा, आमच्या पणज्याला ही कारणं कुणी सांगितली आसतील का वो?"

वीस वर्षं मी हा धडा शिकवतोय. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि पहिल्या कारणावर बोट ठेवलं.

पंधरा दिवस दाजींनी कारणं पाठ केली. पहाटे फिरायला निघाले की पावलांच्या तालावर साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा. फेरपरीक्षेत सगळी कारणं क्रमानं आली, खाली पट्टीनं रेघा मारलेल्या. मी चौदा गुण दिले. ताईनं कंदी पेढे आणले आणि पहिला मलाच भरवला.

तपासून झाल्यावर मी त्यांची उत्तरपत्रिका पुन्हा चाळली होती. कुठं समासात तरी ती म्हैस असेल, तो बूट असेल. शेवटचं पान कोरं होतं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर दाजी बाकाजवळ थांबले. "आता बराबर हाय न्हवं, सर?"

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि फळा पुसायला वळलो.