स्तंभावरची मोकळी ओळ

पत्रक हातात दिलं की मामा ते आधी उलटं करायचे. मागची बाजू कोरी आहे ना बघायचे, चार घड्या घालायचे आणि वर्दीच्या खिशात सारायचे. "घेतलं. पर वाचणार न्हाई, पुढारी."

विश्रामबागेत आमच्या कॉलेजच्या फाटकावर ते पहारेकरी होते. मूळचे साताऱ्याकडचे, पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो; मी विरोधी पक्षाची पत्रकं वाटायचो, म्हणून ते मला पुढारी. मामा पक्के पंतप्रधानांचे. ते सरकार पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी अख्ख्या गावाला कंदी पेढे वाटले होते म्हणे. कुठलीही निवडणूक आली की फाटकावर आमची जुंपायची.

"आवं मामा, इतकी वर्षं एकच माणूस?"

"मग? चांगला सुभेदार कोण बदलतंय व्हय रं?"

एकदा त्यांच्या टेबलावर माझं पत्रक पालथं दिसलं. पुढं 'सरकार हटवा', आणि पाठीवर त्याच सरकारच्या पंतप्रधानांना लिहायच्या पत्राचा कच्चा मसुदा! मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या गावचा, त्यांच्याच तुकडीतला एक जवान बर्फात बेपत्ता झाला होता. सापडला नाही, म्हणून कागदोपत्री शहीद नाही. गावच्या शहीद स्तंभावर त्याच्यासाठी एक ओळ मोकळी सोडलेली.

"त्याची आई रोज तितं जाऊन बसती. कागद आला की नाव कोरायचं. एवढंच मागतोय."

दिल्लीहून दर वेळी एकच उत्तर: 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे.' त्यातलं पहिलं त्यांनी लॅमिनेट करून खणात जपलं होतं.

आणि एका दुपारी सरकार पडलं. मित्रपक्षांनी पाठिंबा काढला, खेळ खलास. आम्ही गुलाल घेऊन फाटकावर. मामांचा चेहरा पांढराफटक.

"मग आमचं पत्र? आता कुणाला लिवायचं?"

"आता आपलं सरकार, मामा! पंधरा दिवसांत कागद हातात देतो."

हे मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोललो. त्या दिवशी मामांनी माझं पत्रक पहिल्यांदा सुलटं धरून वाचलं. गावाकडं फोन करून पाथरवटालाही सांगून ठेवलं.

पंधरा दिवसांचे नऊ महिने झाले. मग नव्या सरकारला लिहिलेल्या पत्राच्या उत्तराचं पाकीट आलं. फाटकावरच फोडलं. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी...' मी तीनदा वाचलं. मामांनी खणातून जुनं काढून शेजारी धरलं. शब्दन् शब्द तोच! तारीख तेवढी नवी.

"सरकार पडलं म्हणालास. मग हे कोण बोलतंय रं?"

मी दोन्ही कागद उलटे करून मागची बाजू बघितली.

दोन महिन्यांनी मामा गेले. झोपेतच. दहाव्याला गावी गेलो. स्तंभापाशी एक म्हातारी बसली होती. सगळ्या नावांवर धूळ. मोकळी ओळ तेवढी हात फिरवून फिरवून चकचकीत.

"तूच पुढारी व्हय?" तिनं विचारलं. "तो सांगायचा, पुढारी कागद आणणार हाय. आणलास?"

मामांनी तिला त्या उत्तराचं सांगितलंच नव्हतं.

माझ्या पिशवीत कागदच होते. सगळे मीच छापलेले.