कापसाची खोली आणि दोन माईक

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाकडं येतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण चुकून कोणी उघडलीच तर हसू नये. हसणं माझं झेलून झालंय.

माहेर जळकोटकडचं, सासर बिलोलीजवळच्या खेड्यात. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. हळदी-कुंकवालाही मी दाराशीच बसते. पण बचत गटाच्या ग्रुपवर एकदा बैठकीचा निरोप बोलून टाकला आणि तो फिरत फिरत लातूरच्या एका माणसाकडे गेला. रिक्षाच्या भोंग्यावर वाजतात त्या जाहिराती ते बनवायचे. साड्यांचा सेल, बियाणं, क्लासेस. त्यांना गावाकडची बाई बोलते तसा आवाज पाहिजे होता. फोनवर म्हणाले, "ताई, तोंड दाखवायचं काम न्हाई. नुसतं बोलायचं." तेवढ्यासाठीच मी हो म्हटलं. मी त्यांना सर म्हणायची.

एका जाहिरातीचे दोनशे रुपये. माझ्या नावावर आलेले पहिले पैसे.

धर्माबादच्या बाजारातून कॉलरला लावायचा वायरचा माईक आणला, तीनशेचा. मोबाईलला जोडला की झालं. पण बोलायचं कुठं? सासरे ओसरीत, मालक टीव्हीसमोर. मागच्या खोलीत कापूस होता, भाव वाढेल म्हणून आढ्यापर्यंत भरून ठेवलेला. अंगाला खाज सुटते म्हणून तिथं कोणी फिरकत नसे. मी दार ओढून कापसात रुतून बसायची आणि बोलायची. वाचताना अडखळते, म्हणून आधी पाठ करायची. सर खूश. "कुठल्या स्टुडिओत करता ताई?" असं त्यांनी एकदा विचारलं तर मी लाजून फोनच ठेवला.

होळीच्या आधी कापूस विकला. खोली झाडून लख्ख झाली, मला बरंच वाटलं. पण पाठवलेली जाहिरात परत आली. "ताई, हौदात बोलल्यासारखं येऊन राहिलं. पार्टीला पसंत न्हाई." पुन्हा केली, पुन्हा परत. मी पिन पुसली, वायर फुंकली, माईकच्या टोपीचा स्पंज साबणाने धुतला. शेवटी सर म्हणाले, "तीनशेचा माईक किती दिवस चालंल? चांगला घ्या. नांदेडला एक दुकान हाय, नंबर पाठवतो. न्हाईतर काम दुसऱ्या ताईला द्यावं लागंल."

आयुष्यात ही एकच गोष्ट मला जमली होती. ती जाऊ द्यायची नव्हती.

मालकांना विचारलं तर म्हणाले, "बडबडायला यंत्र कशाला लागतं?" मग नांदेडला थोरल्या जाऊबाईंकडे गेले. भावजी तिथं शिक्षक आहेत. जाऊबाईंनी आपल्या साठवणीतले पैसे दिले, पण दिले ते चहाला आलेल्या शेजारणीसमोर. "आमच्या धाकटीला रेडिओत जायचंय. घरात तोंड उघडत न्हाई, भोंग्यात कशी बोलती देव जाणे!" शेजारीण हसली. मीही हसले. काय करणार?

दुकानदाराने मला एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही बोलता कुठं. काळा, जाडजूड माईक काढला. "बारीकातला बारीक आवाज पकडतो." मला ते चांगलंच वाटलं. मग त्याला करंट द्यायला डबा लागतो म्हणाला. डब्याला वायर, वायरीला मोबाईलची वेगळी पिन, वर स्टँड. आणलेले बारा हजार तिथंच संपले.

घरी लावला. त्याने खरंच सगळं पकडलं. पंखा, शेजारची पिठाची गिरणी, सासऱ्यांचा खोकला, रस्त्यावरची म्हैस. आणि हौद होता तो आणखी खोल झाला. दुकानात फोन केला तर, "खोकं फोडलं ना बाई? मग वापस न्हाई."

काम बंद पडलं. जाऊबाईंचे फोन मात्र चालू. "काय गं, पोपट बोलून राहिला का न्हाई? ह्यांना अजून कळलं न्हाई, ध्यानात ठेव."

दिवाळीनंतर नवा कापूस घरात आला, मागच्या खोलीत पुन्हा ढीग. मी तिथं रडायला गेले होते. रडून झाल्यावर स्वतःशीच काही पुटपुटले आणि ते कानाला वेगळं लागलं. घुमत नव्हतं. तीनशेचा माईक शोधून काढला, एक जुनी जाहिरात बोलले आणि पाठवली. सरांचा लगेच फोन. "वा ताई! नवा माईक भारी निघाला."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. "माईक जुनाच हाय. कापूस नवा हाय." मग सगळं सांगितलं. ते हसले. "हाव, खोली रिकामी असली की घुमतंच. गोधड्या टांगायच्या. हे सगळ्यांना माहीत असतं ताई. तुम्ही विचारलंच न्हाई."

मी विचारलं नाही, बरोबर आहे. पण माईक बदला हे त्यांनी न विचारता सांगितलं होतं. दुकानाचा नंबरही.

कापूस पुन्हा विकला तेव्हा बाजेभोवती गोधड्या टांगल्या आणि काम चालू ठेवलं. सरांनी दोनशेचे दीडशे केले. "आता तुम्हाला खर्च न्हाई ना," म्हणाले. मोठा माईक भजनी मंडळाने फुकट मागितला. तो मी दिला नाही, माळ्यावर टाकला. एखाद्या नव्या बाईने विचारलं तर सांगेन, आधी खोलीत टाळी वाजवून बघ, घुमते का ते, आणि मग दुकानात जा. पण मला कोण विचारतं?

थोडे थोडे करत पैसे नांदेडला पोचवत राहिले. मालकांनी त्यात एक रुपया घातला नाही, आणि मी मागितलाही नाही. बोलून मिळवलेलं सगळं त्या माळ्यावरच्या माईकपायी गेलं. परवा शेवटचे पैसे घेऊन गेले. जाऊबाईंनी बोट ओलं करून दोनदा मोजले.

"व्याज धरलं न्हाई हं मी, घरचं म्हणून."

"हाव. पुरे झाले का?"

"झाले. फिटलं सगळं."

त्यांनी पैसे कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं.