गाडीचं माहेर अधारतालला

जुन्या गाडीवर कर भरायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकीचं ठरवणारे दुसरेच निघाले.

मदन महलजवळचा गाडीविक्या म्हणाला, "भैया, हमारे मार्जिन पर टैक्स लगता है. वो तो आपसे ही लेंगे." मी शाळेत गणित शिकवतो (त्यामुळे मला सगळ्याच विषयांतलं कळतं). घरी येऊन बायकोला समजावलं, "दुकानातून घेतली तर कर. घरगुती माणसानं स्वतःची गाडी विकली तर जीएसटी नाही. आपण घरगुती माणूस शोधू."

"किती घरगुती?" सुनीतानं विचारलं. मला तो प्रश्न अगदीच निरर्थक वाटला.

अधारतालचे मुळे काका सापडले. नजर अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलेलं, मुलगा परदेशात, म्हणून पांढरी गाडी विकायला काढलेली. आम्ही गाडी बघायला गेलो, तर काकूंनी पुढे कांदेपोहे ठेवले.

"काय खाता-पिता?" काकांनी विचारलं.

"शाकाहारी आहोत."

"तसं नाही. गाडीत बसून काही खाता का, ते विचारून राहिलो."

आम्ही पसंत पडलो! कागदपत्रं झाली. गाडी न्यायच्या दिवशी काकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढच्या सीटवर तांदूळ, नारळ आणि खण ठेवून गाडीची चक्क ओटी भरली आणि डोळ्यांना पदर लावला. सुनीताही रडली. मी तेवढा कोरडा राहिलो, कारण मला रिव्हर्स गिअर सापडत नव्हता.

नागपंचमीला काकूंचा फोन आला. "पहिला सण आहे. तिला पाठवता ना?" मी गाडी त्यांच्या अंगणात लावून ऑटोनं घरी आलो. राखीला तेच. गणपतीत तर ती मुक्कामाला राहिली. शेजारी विचारत, "काहून, गाडी दिसत नाही?" मी म्हणायचो, सर्व्हिसिंगला दिलीय.

दिवाळीला आम्हालाही आमंत्रण होतं. काकूंनी मला पाटावर बसवून शर्टपीस दिला आणि 'जावईबापू' म्हणाल्या. फराळानंतर किल्ली घेऊन उठलो, तर काका गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. मला फार वाईट वाटलं.

"चला काका, नर्मदेवर ग्वारीघाटला नेतो तुम्हाला."

"तू चालवशील. मग मी काय करू?"

मी किल्ली खिशात टाकली आणि चालकाच्या बाजूचं दार उघडलं. "बसा. तुम्हीच न्या."

काका स्टिअरिंगमागे बसले, काकू शेजारी, आम्ही दोघं मागे. बंद गाडीत काकांनी गिअर टाकला. वळणं घेतली. "अरे भैया, देख के चल," असं अंगणातल्या तुळशीला सुनावलं. काकू म्हणाल्या, "हळू हाका, चौक आला."

"आला घाट," काका म्हणाले. काकूंनी हात जोडले. मी खाली उतरून अंगणातल्या नळाच्या दिशेनं नर्मदामाईला नमस्कार केला आणि परत येऊन बसलो.

माझ्या नावावरच्या गाडीत, मागच्या सीटवर बसून, मी ग्वारीघाट करून आलो! मी उतरत असताना काका आरशातून म्हणाले, "जावईबापू, दार हळू लावा. तिला लागतं."

मी हळूच लावलं, आणि कोणी बघत नाही असं पाहून गाडीला 'सॉरी' म्हटलं.