झेलणारा असतोच

ताई, मिरजेच्या स्टेशनवर बाबांनी मला निरोप दिला तो तुला आठवत असेल. डोळ्यांत पाणी नाही, आणि उपदेश एवढाच, "झेलणाऱ्याकडे बघत बसायचं नाही. झुला सोडायचा. तो असतोच." एकोणिसाव्या शतकात खापरपणजोबा सर्कशीत उंच झुल्यावर कसरती करायचे, तेव्हापासून हे वाक्य आपल्या घरात नांदतंय. सर्कस आजोबांबरोबर संपली. बाबा बँकेत कारकून झाले, मी सेफ्टी इन्स्पेक्टर. डोळे मिटून भरवसा टाकायची खोड मात्र गेली नाही.

इकडे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत पहिल्याच दिवशी मालकाने पासपोर्ट मागितला. "तिजोरी में सेफ रहेगा, हबीबी." मी दिला, पावतीसुद्धा मागितली नाही. करामा भागातल्या माझ्या रूम पार्टनर्सनी मला वेड्यात काढलं. मला आपला अभिमानच वाटला होता, आता सांगायला लाज वाटते.

मग २००८ ची मंदी आली. एका सकाळी कंपनीच्या दाराला सील, मालक देश सोडून पळालेला आणि पासपोर्ट आत तिजोरीत. वॉचमन म्हणाला, "खलास भाई, कोर्ट का ऑर्डर लाओ." हे मी घरी कळवलंच नाही. त्याच आठवड्यात तुझा फोन आला, बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्याचा. ज्याने जिथे सांगितलं तिथे जाऊन मी हात जोडले. सगळीकडे एकच उत्तर, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक."

तिसऱ्या दिवशी तू फोन बाबांच्या कानाशी धरलास. त्यांना शब्द फुटत नव्हते, पण "कधी" एवढं कळलं. मी म्हणालो, "बाबा, तिकीट काढलंय. उद्या दुपारी पोचतो." त्यांचा लगेच विश्वास बसला. तू म्हणालीस, हसले.

ते पहाटे गेले. तुझा मेसेज वाचून मी फोन बंद केला. मी वाटेत असेन म्हणून तू अंधार पडेपर्यंत त्यांना कुणाला उचलू दिलं नाहीस. फ्लाइट रद्द झाली असेल, असं लोकांना तूच समजावलंस. नंतर तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो.

पासपोर्ट महिन्याने मिळाला. आता इकडेच, अल बर्शात फ्लॅट आहे. मुलगी विचारते, "बाबा, व्हेन आर वी गोइंग होम?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. माझं घर म्हणजे आता ती एकच दुपार, तू दारात उभी राहून माझी वाट बघत होतीस ती.

ताई, मी तिकीट काढलंच नव्हतं.