तेहतीसचा डायोड

मी अंडी उबवायच्या पेटीचं झाकण उघडलं तेव्हा पारा चव्वेचाळीसवर होता आणि आतले चारही बल्ब पेटलेलेच होते. अंड्यांना साडेसदतीस लागतात. मी प्लग उपटला. नणंद धावत आली, एक अंडं गालाला लावून पाहिलं आणि परत ठेवलं. अंडी दोनशे होती आणि दिवस अठरावा. एकविसाव्याला पिल्लं निघायची होती.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नणंद विधवा, नरखेड तालुक्यातल्या एका गावात राहायची; या खेपेपुरती मी तिच्याकडे येऊन राहिले होते. तिच्या दिराने सांगून ठेवलं होतं की ही खेप वाया गेली तर कोंबड्यांचा नाद सोडायचा आणि नागपूरला भावाकडे जायचं. भाऊ म्हणजे माझा नवरा. नागपूरच्या महाल भागात आमच्या दोनच खोल्या, त्यातल्या एकीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ती यावी असं मला वाटत नव्हतं, आणि तिलाही यायचं नव्हतं.

पेटीची ऊब सांभाळणारा डबा आम्हीच केला होता. जोडणी नवऱ्याची, तारांना कथलाचे डाग मी द्यायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे वाचता येत होते. गावात आजूबाजूला संत्र्यांच्या बागा, प्रत्येक विहिरीवर मोटर. गेलेली लाइट परत आली की करंटचा झटका यायचा आणि डब्यातली चिप जायची. म्हणून चिपच्या आधी एक डायोड लावायचा. एरवी तो गप्प असतो, झटका आला की स्वतःवर घेतो.

डबा बारा व्होल्टचा, म्हणून नवऱ्याने आधी बाराचा डायोड लावला. तो अंडी ठेवण्याआधीच जळाला आणि फ्यूज उडाला. मग मी म्हटलं, मोठा लाव, टिकेल. त्याच्या सुट्या सामानात तेहतीसचा होता. नवरा कुरकुरला, पण मी ऐकलं नाही, तोच लावला. जाड दोर जास्त ओझं पेलतो, तसंच असेल असं मला वाटलं होतं. अठराव्या दिवशी दुपारी लाइट येताच झटका आला. तेहतीसच्या डायोडला काही झालं नाही. चिप मेली आणि बल्ब विझेनात.

मी हे नणंदेला सांगितलं. चूक माझीच, हेही सांगितलं. ती अंड्यांवर वारा घालत होती.

"हौदाले जास्तीचं पाणी जायाले भोक कुठं पाडतात वं वहिनी?" ती म्हणाली. "पाणी भरते त्याच्या जरासंच वर. तू तं भिंतीच्याही वर पाडलं."

"अन् तुया भावानं?"

"त्यानं पाण्याच्या खाली. दोघंही हुशारच."

एसटीच्या कंडक्टरकडून नवऱ्याला निरोप धाडला. डबा बंद, म्हणून प्लग आम्ही हातानेच लावायचो आणि काढायचो. पारा अडतीसला गेला की काढायचा, सदतीसला आला की लावायचा. एक झोपली की दुसरी बसायची.

दुसऱ्या दिवशी तो नवी चिप, मीटर आणि डायोडची पुडी घेऊन आला आणि लगेच डाग द्यायला बसला. मी त्याला थांबवलं. आधी मोजू म्हटलं. दिवसभर डायोडच्या जागी मीटर लावून मी भिंतीवर खडूने आकडे लिहिले. मोटरा चालू असताना चौदा, बंद झाल्या की सतरा. सतराच्या वर एकदाही नाही. चिप बत्तीसच्या पुढे मरते, असं नवऱ्याच्या पुस्तकात होतं. पुडीत अठराचा डायोड होता. तो सतराला गप्प राहतो, विसाच्या पुढे वाट मोकळी करतो आणि झटका तिसाच्या आत थोपवतो. तोच लावला.

विसाव्या दिवशी लाइट जाऊन आली. आम्ही तिघं पेटीकडे बघत उभे होतो. बल्ब पेटले, पारा साडेसदतीसला गेला आणि बल्ब विझले. नवरा पुढच्या गाडीने नागपूरला गेला.

त्र्याऐंशी अंड्यांतून पिल्लं निघाली. बाकीची आम्ही पुरली. आठवड्याने तिचा दीर मोजायला आला तेव्हा सहासष्ट पिल्लं जिवंत होती. खेप वाया गेली नाही असं त्याने धरलं, आणि नणंद गावातच राहिली.