चतुर्थीच्या दिवसाची गोळी

त्या मंगळवारी सकाळी आईच्या हातातून चहाचा कप पडला. ती वाकली नाही. मी हाक मारली, तिने उत्तर दिलं नाही. अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो.

अठरा दिवसांनी ती घरी आली. चंदीगडला, विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये, आम्ही दोघीच राहत होतो. वडील गेल्यावर ती सांगलीहून माझ्याकडे आली होती. आता ती उजवा पाय ओढत चालायची. बोलणं परत आलं होतं, फक्त मधूनच एखाद्या शब्दापाशी ती थांबायची. निघताना डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं. मीठ कमी, रोज चालणं, रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी न चुकता. ते सगळं मी वहीत उतरवून घेतलं. असा झटका पुन्हा येऊ शकतो, हेही ते म्हणाले. ते लिहून घ्यावं लागलं नाही.

तेव्हापासून मी कान लावून जगायला लागले. पहाटे तिच्या सपातांचा आवाज यायचा, एक पाऊल टेकल्याचा, एक घासल्याचा. तो येईपर्यंत मी पांघरुणातून हलत नसे. मग तिला वर्तमानपत्राचा मथळा मोठ्याने वाचायला लावायची. एकदा ती एका शब्दावर अडली आणि माझा हात फोनकडे गेला.

"चष्मा पुसायचाय," ती म्हणाली. "ठाणेदारीणबाईंची परवानगी असेल तर."

गोळ्यांसाठी मी खणांची डबी आणली होती. सात खण सकाळचे, सात रात्रीचे. त्यांवर जाड पेनाने चिठ्ठ्या चिकटवल्या: 'नाश्त्यानंतर', 'रात्री जेवल्यावर'. मी साडेसातला घर सोडायची. आईची अंघोळ, पूजा आणि नाश्ता त्यानंतर व्हायचा. रात्री झोपण्याआधी मी डबी उघडून बघायची. त्या दिवसाचे दोन्ही खण रिकामे दिसले की दिवा मालवायची.

जानेवारीत एका सकाळी धुकं इतकं होतं की वर्गात चारच मुलं आली. मी बारापर्यंत परतले. आई खिडकीशी जपमाळ घेऊन बसली होती. टेबलावरच्या डबीत सकाळचा खण भरलेला होता.

"आई, गोळी?"

"आज संकष्टी आहे."

"मग?"

"मग काय? नाश्त्यानंतर, असं तूच लिहिलंयस. आज नाश्ता नाही. रात्री चंद्र बघून जेवेन, तेव्हा दोन्ही घेईन."

"दोन्ही एकदम?"

"घेतेच की. दर महिन्याला घेते."

मी खुर्चीवर बसले. हॉस्पिटलमधून आल्यापासूनच्या संकष्ट्या मोजल्या. ही पाचवी होती. रोज रात्री जो रिकामा खण बघून मी निर्धास्त झोपत होते, त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. चूक माझ्याच अक्षरात डबीवर चिकटलेली होती.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. एकदम दोन्ही गोळ्या घेते म्हटल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. दिवसभर औषध नाही आणि रात्री रक्तदाब एकदम उतरणार, दोन्ही वाईट, असं मला समजावलं. मग आईकडे वळून म्हणाले, "माताजी, व्रत रखना है तो रखो, पानी पीते रहो. पर गोली रोज टाइम पे. दूध के साथ ले लो."

आईने मान डोलावली. परतताना गाडीत, मध्य मार्ग या रस्त्यावरच्या सिग्नलला, ती म्हणाली, "त्या दिवशी मी वाचले ती चतुर्थीमुळे. इतकी वर्षं मोडली नव्हती. आता मोडली तर?"

तोपर्यंत मला वाटत होतं की भीती फक्त मला आहे. मी जिच्यावर पहारा देत होते, ती स्वतः दुसऱ्या झटक्यावर पहारा देत होती, उपास करून. मला तिच्या उपासाची भीती आणि तिला माझ्या गोळीची.

"दुधाने मोडत नाही," मी म्हटलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"तू कुठली भटजी?" ती म्हणाली. पण पुढच्या संकष्टीला मी उशिरा निघाले, तेव्हा तिने अर्धा कप दूध आणि गोळी घेतली. डाव्या हाताने कप धरला होता. गोळी गिळून तिने देव्हाऱ्याकडे बघितलं नाही. मी डबीवरची चिठ्ठी काढून नवी लावली: 'साडेसात'.

एप्रिलमध्ये, एका साध्या गुरुवारी, दुसरा झटका आला. त्या दिवशीची गोळी तिने घेतलेली होती, मी समोर उभी होते. तीन दिवसांनी ती गेली. त्या पाच चतुर्थ्यांमुळे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येणार नाही. गोळ्यांनी धोका कमी होतो, संपत नाही. दुधामुळे का, हे विचारायला माझ्याजवळ कोणी नव्हतं.

पावसाळ्यात माझाही रक्तदाब वाढलेला निघाला. आईची डबी मीच वापरते. चिठ्ठी तीच आहे. पहाटे जाग आली की मी अजून सपातांच्या आवाजाची वाट बघते, मग स्वतःलाच तपासायला एक मथळा मोठ्याने वाचते. देवावर माझा फारसा विश्वास नाही. तरी संकष्टी मी धरते आणि त्या दिवशीही साडेसातला दुधाबरोबर गोळी घेते.