तात्यांच्या टेबलावरची आठवी जागा

रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या गोष्टी होत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आमच्या मिक्सरची एकही गोष्ट मला सांगता येणार नाही. पण जी वस्तू वर्षातून दोनदाच कामाला येते, तिच्या गोष्टी मात्र साठत जातात! देवबागच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल त्यातलं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, हे दोनच दिवस ते टेबल असतं. बाकी वर्षभर त्याच्यावर आमसुलं, जुने पेपर आणि होमस्टेच्या धुतलेल्या चादरी असतात, आणि आम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवतो.

टेबल माझ्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्या तीस वर्षं मालवाहू बोटीवर स्टुअर्ड होते. म्हणजे कॅप्टन आणि ऑफिसर लोकांचं टेबल मांडायचं, वाढायचं, उचलायचं. बोटीवर या दोन दिवशी सकाळी डेकवर झेंडा आणि मग खाली पांढरं कापड घातलेलं टेबल असायचं म्हणे. तात्या रिटायर होऊन आले ते ही पद्धत बरोबर घेऊनच. शाळेत झेंडावंदन झालं की आठ माणसांनी आमच्याकडे टेबलावर नाश्ता करायचा.

आठ कोण? तात्या, मी, माझा नवरा प्रसाद, शेजारचे बापू, शाळेच्या मोठ्या बाई आणि होमस्टेला जे कोणी पाहुणे असतील ते दोघं. हे झाले सात. आठव्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई. त्यांचं येतंच आहे पुढे.

* * *

टेबल घरात आलं तेव्हा मी लग्न होऊन इथे आले नव्हते, पण ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मी टेबलाचा एक पाय धरला होता असंच मला वाटतं.

तात्यांनी ते गोव्यातल्या एका जुन्या घरातून टेम्पोत घालून आणलं. शिसवी, अवजड आणि भलतंच लांब. त्यांना ते स्वयंपाकघरात ठेवायचं होतं, कारण आई तिथेच असतात. पण ते पुढच्या दारातूनच शिरेना! शेवटी हॉलच्या खिडकीचे गज काढले. बापू रापण ओढणारे, म्हणजे मासळीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढणारे. त्यांनी वाडीतली दहा माणसं आणली, दोर लावला, आणि टेबल खिडकीतून आत ओढलं. आत आल्यावर कळलं की हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं दार त्याहून अरुंद आहे.

तात्या घाम पुसत खाली बसले. बापू म्हणाले, "तात्या, आता घर विकलंस तरी टेबल घरातच रवतला!"

आईंनी स्वयंपाकघराच्या दारातून एकदा बघितलं. "बरा झाला. माझ्या चुलीकडे कित्याक व्हया ता?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

* * *

मी दोडामार्गची. आमच्याकडे झेंडावंदनाला शाळेत गोळ्या मिळायच्या, संपलं. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या पंधरा ऑगस्टला मला फारच उत्साह! मोबाइलवर बघून मी तिरंगी भात केला. वर गाजराचा थर, मध्ये पांढरा, खाली पालकाचा. डब्यात दाबून, उलटा करून, टेबलाच्या मधोमध ठेवला. आता सुनेचं कौतुक होणार!

तात्या बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "चेडवा, झेंडो फडकवचो असता. चावचो नसता."

आणि त्यांनी एका सुरीने तिन्ही थर अलगद सुटे केले, तीन वेगळ्या भांड्यांत भरले आणि टेबलाच्या तीन टोकांना ठेवले. पुन्हा भेटायलाच नकोत एकमेकांना! मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात बापू आले. त्यांनी तिन्ही टोकांना जाऊन एकेक डाव भात घेतला, त्यावर काळ्या वाटाण्याचं सांबारं ओतलं आणि सगळं मस्तपैकी कालवलं.

तात्यांनी डोळे मिटून घेतले. बापू म्हणाले, "सुनेचो हात बरो आसा हां!"

मला या घरात पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या क्षणी.

* * *

तात्यांचे नॅपकिन हा एक वेगळाच विषय आहे. आदल्या दिवशी ते पेजेच्या पाण्यात बुडवून, वाळवून, कडक इस्त्री करतात. मग घड्या घालून प्रत्येक प्लेटवर पंखा उभा करतात. जानेवारीत हे जमतं. ऑगस्टमध्ये आमच्याकडे पापडसुद्धा उभा राहत नाही, नॅपकिन कुठून राहणार? पंखे सारखे लोळायला लागले, तेव्हा तात्यांनी एकदा घडी बदलली, रुंद आणि बसकी.

बापू शाळेतून थेट आले होते. त्या वर्षी त्यांची टोपी पावसात भिजली होती, त्यामुळे ते उघड्या डोक्यानेच झेंड्यापुढे उभे राहिले होते आणि तेवढ्यावरून हिरमुसले होते. प्लेटवर पांढरी, कडक, घडीदार वस्तू बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ती उचलून सरळ डोक्यावर घातली.

"तात्या, माझी किती काळजी रे तुका!"

तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही सणांना नॅपकिनची तीच घडी असते. आठही जण आधी टोपी घालून बसतात आणि मग ती मांडीवर घेतात.

* * *

तात्यांचा सगळ्यात कडक नियम काटा-सुरीचा. तांदळाचे घावणे काटा-सुरीने खायचे! डावीकडे काटा, उजवीकडे सुरी. आणि त्यांची एक खूण असते, ती तात्या दर वर्षी समजावतात. काटा-सुरीची टोकं एकमेकांना टेकवून तिरकी ठेवली, तर "अजून हवं". शेजारी शेजारी सरळ ठेवली, तर "झालं, उचला".

बापूंना हे दर वर्षी कळतं आणि दर वर्षी ते विसरतात. एकदा त्यांनी अर्धा घावणा खाल्ला आणि रापणीची काहीतरी गोष्ट सांगायला दोन्ही हात हवेत म्हणून काटा-सुरी प्लेटमध्ये ठेवली. सरळ, शेजारी शेजारी. तात्या उठले, उजव्या बाजूने आले आणि प्लेट उचलून घेऊन गेले. गोष्ट संपली. बापू खाली बघतात तर काय, समोर नुसतं कापड!

"माझा ताट खंय गेला?"

"तूच सांगलंस, झाला म्हणान," तात्या म्हणाले.

"मी खंय सांगलंय? मी तर सुरमईबद्दल सांगत होतंय!"

स्वयंपाकघराच्या दारात आई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी पुन्हा बघितलं तेव्हा दार रिकामं होतं.

* * *

पुण्याचे एक सर आणि त्यांच्या मिसेस होमस्टेला होते, तेव्हाची गोष्ट. लाँग वीकेंड म्हणून आलेले. सकाळी सातला सर बर्म्युडा घालून आले आणि म्हणाले, "आमचा नाश्ता जरा रूमवर पाठवता का?"

तात्या म्हणाले, "झेंडा वर गेल्याशिवाय या घरात चहासुद्धा मिळत नाही, साहेब." पाहुण्यांशी तात्या शुद्ध बोलतात.

सर बिचारे तसेच आमच्याबरोबर शाळेत आले. तिथे बातमी अशी, की ज्यांच्या हस्ते झेंडा लावायचा ते पाहुणे वाटेत माड पडल्यामुळे पलीकडे अडकलेत. मोठ्या बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर सरांवर स्थिरावली. "आपण इतक्या लांबून आला आहात, आपणच करा!"

सरांनी बर्म्युडाकडे बघितलं. बर्म्युडावर अननस होते.

तात्या घरी धावले आणि आपली बोटीवरची पांढरी, इस्त्रीची पँट घेऊन आले. कंबर तात्यांची! सरांनी डाव्या हाताने पँट धरली, उजव्या हाताने दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला झेंडा फडकला, उजव्याच हाताने कडक सलामी. दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा म्हणाले, "बोलतो. फक्त टाळ्या वाजवायला लावू नका!"

आता पाहुण्यांच्या खोलीत एका खुंटीला पांढरी पँट कायम असते. तात्यांनी तिला इलॅस्टिक लावून घेतलंय.

* * *

आता आई.

टेबलावर आठवी जागा कायम मांडलेली असते. प्लेट, काटा, सुरी, टोपी. आणि दर वर्षी तात्या खुर्ची मागे ओढून स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, "ये गो, बस."

आतून उत्तर येतं, "तुमी बसा. माका घावणे घालूचे आसत. मी मगे खातंय."

त्यांचंही खरं आहे. घावणा तव्यावरून थेट ताटात यायला हवा. गार घावणा खायचा तर बसायचंच कशाला? म्हणून तात्यांनी एका वर्षी घावणे रद्द करून आदल्या संध्याकाळी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, करायला लावले. आई म्हणाल्या, "चाय कोण करतला?" पुढच्या वर्षी तात्यांनी थर्मास आणला. आई म्हणाल्या, "गायीक पाणी दाखवन येतंय." गाय त्या दिवशी दोन तास पाणी पीत होती! मी म्हटलं, मी करते सगळं, तर म्हणाल्या, "तुझे घावणे फाटतत." तेही खरंच आहे.

एकदा सगळे गेल्यावर तात्या एकटेच चमचे पुसत बसले होते. मी कापड आवरत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तीस वर्षा लोकांका बसवन जेवाक घातलंय गो. कॅप्टन बसवले, मालक बसवले. आपल्या घरातला एक माणूस बसवूक माका जमना नाय."

मला आईंचा राग आला त्या दिवशी. आणि तात्यांसाठी फार वाईट वाटलं.

मग गेल्या दिवाळीनंतर आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पाटावर बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, कायम खुर्ची! आईंचा चेहरा पडला. तात्यांचा मात्र असा काही खुलला, की प्रसाद त्यांना म्हणाला, "तात्या, लोकांसमोर तरी हसू नका."

सव्वीस जानेवारीला तात्यांनी पहाटेपासून टेबल मांडलं. आम्ही शाळेतून आलो. सात खुर्च्या जागेवर होत्या. आठवी नव्हती. प्लेट, काटा, सुरी, टोपी, आणि मागे मोकळी जागा.

स्वयंपाकघरातून तव्यावर पीठ पडल्याचा चर्रर्र आवाज आला. आत जाऊन बघते तर आई खुर्चीवर आरामात बसून घावणे घालत होत्या!

"डाक्टरान सांगल्यानी ना, खुर्चेर बस म्हणान?"

नाश्ता झाल्यावर तात्या मापाची टेप घेऊन बराच वेळ हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधलं दार मोजत होते.

* * *

आणि या पंधरा ऑगस्टला.

आई नवा गुडघा घेऊन, माझा हात धरून, हळूहळू शाळेत आल्या. झेंडा झाला, जनगणमन झालं, आणि तात्या दिसेनात. "मी फुडे जातंय" एवढंच प्रसादला सांगून गेले होते.

आम्ही घरी पोचलो. आई पायरी चढून आत आल्या आणि तिथेच थांबल्या.

टेबलावर पांढरं कापड. आठ प्लेट, आठ टोप्या. आठव्या जागेवर, काटा आणि सुरीच्या बरोबर मध्ये, एक लादी. लादीवर होमस्टेचा एका शेगडीचा गॅस. त्याच्यावर आईंचा बिडाचा तवा. बाजूला पिठाचं पातेलं, तेलाची वाटी आणि तव्यावर तेल फिरवायला अर्धा कापलेला कांदा.

"ह्या काय मांडलात?"

"तुझी जागा," तात्या म्हणाले. खुर्ची मागे ओढून उभे होते.

"हंय घावणे घालूचे? ह्या कापडार? खराब जातला ता!"

चहाचा एक थेंब सांडला म्हणून बापूंशी आठ दिवस न बोललेले माझे सासरे म्हणाले, "जांव दे."

आईंनी आमच्या सगळ्यांकडे बघितलं. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. मग त्या बसल्या.

कांदा फिरला, पीठ पडलं, कापडावर पहिला डाग पडला. एकेक घावणा तव्यावरून थेट एकेकाच्या प्लेटमध्ये. खाणाऱ्यांची तोंडं त्यांना समोर दिसत होती, असं या टेबलावर पहिल्यांदाच होत होतं. मुंबईहून आलेल्या पाहुण्या बाईंना वाटलं, ही इथली पद्धतच आहे. कोणी काही सांगितलं नाही.

सातही जणांचं झाल्यावर तात्या उठले. आईंच्या शेजारी येऊन त्यांनी हात पुढे केला. "उलथणा दी माका. आता तू खा."

तात्यांनी आयुष्यात घावणा घातलेला नव्हता. बोटीवर ते वाढायचे, रांधायला दुसरे असायचे. त्यांचा पहिला घावणा तव्यावरून तीन तुकड्यांत निघाला. बापूंनी तोंड उघडलं. मोठ्या बाईंनी नुसतं बघितलं आणि ते मिटलं.

तात्यांनी तिन्ही तुकडे आईंच्या प्लेटमध्ये वाढले. उजव्या बाजूने.

आईंनी टोपी उचलून मांडीवर पसरली. डाव्या हातात काटा घेतला, उजव्या हातात सुरी. त्यांना कोणी कधी शिकवलेलं नव्हतं. एकेक तुकडा कापून, सावकाश, शेवटपर्यंत खाल्ला. मान वर न करता म्हणाल्या, "मीठ कमी आसा."

मग त्यांनी काटा-सुरी प्लेटमध्ये ठेवली. तिरकी. टोकाला टोक टेकवून.

तात्यांनी तव्यावर कांदा फिरवला आणि दुसरा घावणा घातला.